हजेरीपट कोणाच्या हाती?

(सरकारी, निमसरकारी व खासगी कचेऱ्यांतील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या अभ्यासवर्गासाठी आपण जो विषय निवडला आहे तो वरकरणी लहान वाटतो. हजेरीची सक्ती, दहा मिनिटांच्या उशिरासाठी कापली जाणारी रजा, घरून काम करण्याची एकदा मिळालेली आणि मग काढून घेतलेली मुभा, मुलाला दवाखान्यात न्यायचे असले तरी दोन तासांच्या सुटीसाठी साहेबांच्या दारात ताटकळणे, या तक्रारी आपल्या चळवळीतल्या कित्येक जुन्या कार्यकर्त्यांना पांढरपेशा वर्गाच्या कुरकुरी वाटतात. ते म्हणतात, या देशातल्या बहुसंख्य श्रमिकांना मुळात नियमित नोकरीच नाही. ज्यांना ती आहे, त्यांनी घड्याळाच्या काट्याबद्दल तक्रार करावी हे शोभते काय? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही, आणि पुढे त्याचा विचारही करणार आहे. परंतु प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ या. आपल्याकडील कामगार चळवळीचा जन्मच वेळेच्या प्रश्नातून झालेला आहे. ज्याला आपण आज किरकोळ समजतो, तो प्रश्न या चळवळीचा पहिला प्रश्न होता.

वेळेसाठी झालेले लढे

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. त्यातल्या मागण्या पाहाव्यात. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत व्हावा. म्हणजे बहुतेक मागण्या वेळेच्या होत्या, आणि पगाराविषयीची मागणीसुद्धा रकमेची नव्हती, तारखेची होती. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, आणि उन्हाळ्यातला लांबलेला दिवस कामगाराच्या अंगावर लादला जाई. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. आज कचेरीतला कारकून जो रविवार उपभोगतो, तो त्याला कोणत्याही साहेबाने दिलेला नाही. तो गिरणी कामगाराने मिळवलेला आहे.

१९०६ च्या जानेवारीत सरकारने भारतीय प्रमाणवेळ सुरू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरण्यांनी नवे घड्याळ लावले, म्हणजे कामगाराला पूर्वीपेक्षा ३९ मिनिटे आधी दारात हजर होणे भाग पडले. सूर्य तोच, अंधार तोच, फक्त घड्याळ बदललेले. त्याविरुद्ध जेकब ससून गिरणीतील कामगारांनी काम बंद पाडले. पुढे मुंबई महापालिकेनेही जुनीच वेळ पाळण्याचे ठरवले आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे ती पाळली. अडाणी म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या कामगारांना एक गोष्ट नेमकी कळली होती. घड्याळ निसर्गाने दिलेले नसते. ते कोणीतरी लावलेले असते, आणि म्हणून ते कोणी लावावे हा प्रश्न विचारता येतो.

आपल्या समाजवादी चळवळीच्या हृदयाशी असलेली घटना म्हणजे ८ मे ते २७ मे १९७४ चा रेल्वे संप. जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालील या संपाचा उल्लेख निघाला की बोनसची मागणी सर्वांना आठवते. आठ तासांच्या दिवसाची मागणी मात्र विस्मृतीत जाते. इंजिन चालवणाऱ्या कामगारांना सलग चौदा-चौदा, सोळा-सोळा तास इंजिनावर राहावे लागे. १९७३ साली त्यांनी केलेल्या आंदोलनानंतर ही मर्यादा दहा तासांवर आणण्याचे सरकारला कबूल करावे लागले. ज्या देशात कारखान्याच्या कायद्यात १९४८ पासून दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, त्याच देशात सरकारच्याच नोकराला आठ तासांसाठी तुरुंगात जावे लागले.

तेव्हा वेळेच्या तक्रारीला लाजण्याचे काही कारण नाही. मात्र या लढ्यांतून एक कसोटी हाती लागते, ती आपल्या आजच्या तक्रारीलाही लावली पाहिजे. या सर्व मागण्या सर्वांसाठी होत्या. एकट्या कोणाला सवलत मिळावी म्हणून त्यातला कोणताही लढा झाला नाही.

ढाल आणि चाबूक

आता हजेरीपटाकडे वळू. कर्मचाऱ्यांच्या सभांतून मी वारंवार ऐकतो की, मस्टर ही गुलामगिरीची खूण आहे, ती नाहीशी झाली पाहिजे. हे म्हणणे घाईचे आहे. मस्टर नसणे म्हणजे काय, हे बदली कामगाराला विचारावे. मुंबईच्या गिरण्यांत हजारो बदली कामगार रोज सकाळी दारावर येऊन उभे राहत. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम मिळायचे, नसेल तर डबा घेऊन परत जायचे. आज ज्याला मोठ्या ऐटीने 'लवचिकता' म्हणतात, ती गिरणी मालकाला केव्हाच प्राप्त झालेली होती. तिचे सारे ओझे बदली कामगाराच्या पोटावर होते.

कंत्राटी कामगारालाही विचारावे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली वर्षात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध झाले की नोकरीतून काढताना भरपाईचा व इतर संरक्षणाचा हक्क मिळत असे. परंतु ते दिवस सिद्ध करण्याची पहिली जबाबदारी कामगारावर, आणि हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात. पटावर नाव नाही म्हणून वर्षानुवर्षे राबलेली माणसे न्यायालयातून रिकाम्या हाताने परतली आहेत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे निघाली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या काळात ज्यांनी खेड्यापाड्यांत काम केले, त्यांना ठाऊक आहे की, मस्टरवर नाव चढणे हाच मजुराचा पहिला विजय असे. हजेरी सहाय्यकाने खोटी नावे चढवू नयेत आणि खरी गाळू नयेत, यासाठी मोर्चे काढावे लागत. पट मोठ्याने वाचून दाखवा, ही मागणी मजूर स्त्रियांनी केलेली आहे.

म्हणून माझे आजचे मुख्य म्हणणे असे आहे. हजेरीपट ही मुळात श्रमिकाची ढाल आहे. मी येथे होतो, इतका वेळ राबलो, याचा तो पुरावा आहे. जेव्हा हा पट केवळ एका हाती जातो, त्याचे नियम एकच बाजू ठरवते आणि तो एकाच दिशेने वाचला जातो, तेव्हा त्याच ढालीचा चाबूक होतो. आपला झगडा हजेरीविरुद्ध असता कामा नये. हजेरीच्या एकतर्फी मालकीविरुद्ध असला पाहिजे.

हा पट एकाच दिशेने कसा वाचला जातो, हे रोजच्या व्यवहारातून पाहू. अनेक कचेऱ्यांत तीन लेटमार्कांना एक नैमित्तिक रजा कापण्याची रीत आहे. दहा-दहा मिनिटांचे तीन उशीर म्हणजे अर्धा तास. त्याची किंमत एक पूर्ण दिवस. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना बजावले की, सव्वानऊनंतर येणाऱ्याची अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा कापली जाईल. आता याच्या शेजारी १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याचे तत्त्व ठेवून पाहा. ब्रिटिश अमदानीत झालेल्या त्या कायद्याने असे ठरवून दिले की, जितका वेळ कामगार गैरहजर असेल तितक्याच वेळेच्या प्रमाणात वेतन कापता येईल. जे वेतनात करता येत नाही, ते रजेत बिनबोभाट केले जाते. रजा हीदेखील कमाईच आहे, हे आपण विसरलो म्हणून हे चालते.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. येण्याची वेळ यंत्र मिनिटामिनिटाने टिपते. जाण्याची वेळही तेच यंत्र टिपते, पण तिचा उपयोग कोणी करत नाही. सव्वानऊला आलेला माणूस रात्री आठला बाहेर पडला, तर त्या जादा वेळेची नोंद कोणत्या खात्यावर जमा होते? कोणत्याच नाही. पुण्यातील एका बड्या लेखासंस्थेच्या कचेरीने कामाचे तास ठरवणाऱ्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच केलेली नव्हती, असे २०२४ साली कामगार खात्याच्या तपासणीत उघडकीस आले. उच्चशिक्षित तरुणांची ही कचेरी, अद्ययावत यंत्रांनी सजलेली, आणि कामाच्या तासांचा कायदा तिच्या दारापर्यंतही पोहोचलेला नव्हता.

आणि ही सक्ती केवळ कचेरीपुरती आहे असे समजू नका. १ जानेवारी २०२३ पासून राष्ट्रीय रोजगार हमीच्या कामांवर दिवसातून दोनदा मोबाइलवर छायाचित्र काढून हजेरी लावणे सक्तीचे झाले. जेथे मोबाइलला रेंज मिळत नाही, अशा डोंगराळ गावांतल्या मजुरांचे काम झाले पण हजेरी चढली नाही, अशा तक्रारी देशभरातून आल्या. राबून राबून ज्यांच्या बोटांचे ठसे पुसट झाले त्या सफाई कामगाराला यंत्र ओळखत नाही. अंगठ्याच्या यंत्रापुढे उभा असलेला मंत्रालयातला कारकून आणि मातीच्या खड्ड्यात उभी असलेली मजूर स्त्री यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे. पण दोघांच्याही बाबतीत पट दुसऱ्याच्या हाती आहे.

उशीर कोणाचा?

मुंबईच्या आसपास राहणाऱ्या नोकरदाराला उशीर का होतो? तो आळशी आहे म्हणून? बदलापूर हे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर, विरार चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटर. गाडीतच दीड तासाच्या आसपास जातो, स्टेशनपर्यंतचा आणि स्टेशनपासूनचा वेळ निराळा. तो इतक्या दूर हौसेने राहायला गेलेला नाही. गिरणगावातल्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि पगारदार माणूस कल्याण-वसईच्या पलीकडे ढकलला गेला. नोकरी जेथे होती तेथेच राहिली, घर मात्र लांब गेले. त्या अंतराचे रोजचे तीन-चार तास कोणाच्या खिशातून जातात? मालक ते मोजत नाही, सरकार मोजत नाही, आणि आपल्या संघटनाही आजवर मोजत आलेल्या नाहीत.

या प्रवासाची किंमत केवळ वेळात मोजली जात नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या दोन खचाखच भरलेल्या लोकलच्या दारांतून प्रवासी खाली कोसळले आणि त्यांपैकी किमान चौघांचा बळी गेला. तो सोमवार होता आणि ती कचेरीला जाण्याची वेळ होती. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रुळ ओलांडताना, गाडीतून पडून व इतर कारणांनी वर्षाला अडीच हजारांच्या आसपास माणसे प्राण गमावतात. दारात लोंबकळणाऱ्याला आपण बेपर्वा म्हणतो. परंतु ही गाडी सोडली तर लेटमार्क, हा हिशेब त्याच्या डोक्यात कोणी घातला? सुमारे ७५ लाख प्रवाशांची वाहतूक करणाऱ्या या शहरात बहुतेक कचेऱ्या सकाळी साधारण एकाच वेळी उघडायच्या, आणि मग गर्दीचा दोष प्रवाशाला द्यायचा, हा न्याय नव्हे.

मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबईतील आपल्या कार्यालयात दोन निरनिराळ्या वेळा लावून पाहिल्या आणि इतर संस्थांनाही तसे करण्याची विनंती केली. सूचना चांगली होती, पण ती विनंतीच राहिली. ही कल्पना काही नवीन नाही. १९६७ साली पश्चिम जर्मनीत, म्युनिकजवळच्या ओटोब्रुन येथील बोल्को या विमाननिर्मिती कंपनीत लवचीक वेळेची पद्धत सुरू झाली. तिचे एक कारण अगदी साधे होते. सकाळ-संध्याकाळ हजारो कर्मचारी एकाच वेळी आत-बाहेर करू लागल्याने रस्ते तुंबत. तोड अशी निघाली की, दिवसाच्या मधल्या काही तासांत सर्वांनी हजर असावे, आणि त्याच्या आधीचा व नंतरचा वेळ आठवड्याचे एकूण तास पुरे होतील अशा रीतीने ज्याचा त्याने जुळवावा. विमाने त्यामुळे बांधायची राहिली नाहीत.

स्त्री कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न दुहेरी आहे. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करणारी, म्हाताऱ्या सासूचे औषधपाणी पाहणारी आणि मग गाडी पकडणारी स्त्री कचेरीत पोहोचते तेव्हा तिची एक पाळी पुरी झालेली असते. पटावर मात्र तिचा दिवस तेथून सुरू होतो. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याचा हक्क मिळाला. हे स्वागतार्हच होते. पण रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद परस्पर संमतीवर सोडण्यात आली. एकटी नोकरदार आई आणि तिचा मालक यांच्यातील 'परस्पर संमती' म्हणजे काय, हे येथे बसलेल्या भगिनींना समजावून सांगण्याची गरज नाही.

लवचिकता कोणाची?

२०२० च्या महामारीने एक प्रयोग सक्तीने घडवून आणला. ज्या कामांविषयी ती कचेरीबाहेर होऊच शकत नाहीत असे वर्षानुवर्षे सांगितले जात होते, ती घराघरांतून पार पडली. संकट ओसरल्यावर फर्मान निघाले की परत या. देशातील सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने, टीसीएसने, ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस कचेरीत येणे बंधनकारक केले आणि २०२४ साली वेतनातील बदलता भाग हजेरीच्या टक्केवारीशी जोडला. काम किती झाले यापेक्षा खुर्ची किती वेळ भरलेली होती, याला पैसे मिळू लागले. तरुण कर्मचाऱ्यांचा राग येथे आहे, आणि तो रास्त आहे.

पण त्या तरुणांनाही दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की, घरून काम म्हणजे मुक्ती नव्हे. त्या काळात कचेरीचे भाडे वाचले मालकाचे, वीज आणि जागा गेली कर्मचाऱ्याची. रात्री अकराला येणाऱ्या फोनला 'कचेरी बंद झाली' हे उत्तर उरले नाही. आणि शेजारच्या टेबलावरचा सहकारीच नाहीसा झाला, तर संघटना कोणाची बांधणार? वेळेनंतर फोन न उचलण्याचा कायदेशीर हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे. आपल्याकडे तसे खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले, ते मांडण्यापलीकडे गेले नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 'लवचिकता' हा शब्द आपण जितक्या प्रेमाने उच्चारतो, त्याहून अधिक प्रेमाने मालकवर्ग उच्चारतो. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर, आणि दुकाने व आस्थापनांतील नऊवरून दहावर नेण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे सांगण्यात आले. हीसुद्धा लवचिकताच. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यात 'हजेरी व उशिरा येणे' हा विषय नियमांच्या अनुसूचीतच होता. म्हणजे जेथे तो कायदा लागू होता, तेथे लेटमार्कचा नियम मालकाला मनास येईल तसा करता येत नसे. कामगारांच्या हरकती ऐकून तो प्रमाणित व्हावा लागे. केंद्रीय कायद्यात ही सक्ती शंभर कामगारांच्या आस्थापनेपासून होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितेने ती तीनशेवर नेली. एका बाजूने दिवस ताणण्याची मुभा वाढते आहे, दुसऱ्या बाजूने नियमांत बोलण्याचा आपला हक्क आकुंचन पावतो आहे. अशा वेळी आपण नुसती 'लवचिकता द्या' अशी घोषणा केली, तर मालक म्हणेल, घ्या, आणि आपल्या हातात बारा तासांचा दिवस ठेवील.

सरकारी कर्मचाऱ्यांनी याचा सौम्य अनुभव घेतलेला आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला. त्याबरोबर रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा अशी वाढली आणि सरकारच्याच हिशेबाप्रमाणे वर्षाचे कामाचे तास २,०८८ वरून २,११२ झाले. शनिवार मिळाला, पण तास कमी झाले नाहीत, २४ ने वाढले. बाहेर मात्र समज असा की, सरकारी नोकर आणखी आरामात गेला.

खिडकीपलीकडचा माणूस

आता सुरुवातीच्या आक्षेपाकडे येतो. आपल्या हजेरीची मागणी बाहेरच्या लोकांना पटत नाही, याला एक कारण आहे आणि ते आपण प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी, शिधापत्रिकेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी जो माणूस दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला येतो, त्याला 'साहेब अजून आले नाहीत' हे उत्तर मिळते तेव्हा त्याचाही वेळच बुडतो. त्याच्या वेळेला कोणती हजेरी आहे? अंगठ्याच्या यंत्राचे स्वागत सामान्य माणसाने केले ते यासाठी. त्याला कर्मचाऱ्याचा द्वेष करायचा नव्हता, त्याला खिडकी उघडी हवी होती.

म्हणून कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुढे येऊन म्हटले पाहिजे की, खिडकी उघडी ठेवण्याची हमी आम्ही घेतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. दाखला ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क केला. कर्मचारी सव्वादहाला आला की साडेदहाला, यापेक्षा दाखला मुदतीत गेला की नाही, हे मोजमाप नागरिकाच्या अधिक उपयोगाचे आहे. कोणती खिडकी कोणी केव्हा सांभाळायची याचे पाळीपत्रक कर्मचाऱ्यांच्या समितीने बनवावे आणि ते दाराशी लावावे. सकाळी आठला काही खिडक्या उघडल्या आणि संध्याकाळी सातपर्यंत काही चालू राहिल्या, तर मजुरी न बुडवता लोकांची कामे होतील, आणि दूरहून येणाऱ्या कर्मचाऱ्यालाही आपली वेळ निवडता येईल.

दुसरा प्रश्न आहे तो ज्यांच्या कामाची वेळ बदलताच येत नाही त्यांचा. परिचारिका, एसटीचे चालक-वाहक, सफाई कामगार, वीज मंडळाचे तारमार्ग कर्मचारी यांना तुमचे घरून काम काय कामाचे? त्यांच्यासाठी लवचिकतेचा अर्थ निराळा आहे. पाळीपत्रक महिनाभर आधी हाती पडावे, सहकाऱ्याशी पाळी बदलून घेण्याचा हक्क असावा, रात्रपाळीनंतर पुरती विश्रांती मिळावी, सलग दुसरी ड्यूटी कोणी लादू नये. आणि तुमच्याच काचेच्या इमारतीच्या दारावर बारा तास उभा असणारा कंत्राटी पहारेकरी, तुमची टेबले पुसणारी कंत्राटी स्त्री, यांना वगळून तुम्ही लवचीक वेळ मिळवली, तर तो हक्क न राहता इनाम होईल. इनाम देणारा ते केव्हाही परत घेतो, हे आपण नुकतेच पाहिले आहे.

काय मागायचे?

एवढ्या विवेचनानंतर मागण्या मांडणे कठीण नाही. पहिली मागणी, दिवसातले ठरावीक मधले तास सर्वांनी हजर असावे आणि येण्या-जाण्याला दोन तासांची मोकळीक असावी. तो हक्क म्हणून नियमांत लिहिला जावा, वरिष्ठांच्या मर्जीवर राहू नये. दुसरी, उशिराची कपात उशिराच्या प्रमाणातच व्हावी, दहा मिनिटांसाठी दिवस कापू नये. रेल्वे विस्कळीत झाल्याच्या दिवशी कोणाचाच लेटमार्क लागू नये. तिसरी, जाण्याची वेळही येण्याच्या वेळेइतकीच प्रमाण मानावी आणि जादा वेळेचा मोबदला दुप्पट दराने मिळावा. चौथी, प्रत्येक कर्मचाऱ्याला, कायम असो वा कंत्राटी, आपल्या हजेरीची महिन्याची प्रत मिळावी. यंत्राने घेतलेले ठसे आणि छायाचित्रे कोठे जातात, किती काळ ठेवली जातात, हे लेखी सांगितले जावे. पाचवी, घरून काम असेल तेथे त्याचा खर्च मालकाने द्यावा आणि त्याला तासांची मर्यादा असावी. सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, हजेरीचा कोणताही नियम संघटनेशी वाटाघाटी केल्यावाचून बदलता येऊ नये, मग आस्थापना तीनशेंची असो की तीसांची. ज्या पटावर आपली सही रोज लागते, त्याच्या नियमांवरही आपली सही लागली पाहिजे.

यांतली एकही मागणी अशी नाही की जिच्यामुळे काम कमी होईल. बारा तासांचा दिवस मात्र टळेल.

हे काम प्रस्तावाने होणार नाही. पुढच्या तीन महिन्यांत आपल्या प्रत्येक शाखेने एक साधी वही ठेवावी. प्रत्येक सभासदाने रोज घरातून निघाल्याची वेळ, कचेरीत पोहोचल्याची, बाहेर पडल्याची आणि घरी परतल्याची वेळ तिच्यात लिहावी. कापलेल्या रजाही लिहाव्यात. आपल्या कचेरीतल्या कंत्राटी कामगारांच्या नोंदीही त्यांच्याशी बोलून त्याच वहीत घ्याव्यात, वेगळ्या वहीत नव्हे. आकडे हाती आले की व्यवस्थापनाकडे जाण्याआधी ते शहरातल्या प्रवासी संघटनांपुढे आणि नागरिकांच्या सभेत ठेवावेत, कारण त्यांची साथ असल्याशिवाय ही लढाई जिंकता येणार नाही. लोखंडे यांच्याजवळ साडेपाच हजार सह्या होत्या, आणि त्या मिळवायला त्यांना गिरणीगिरणीच्या दारावर उभे राहावे लागले. आपल्याला निदान आपल्या मजल्यावरच्या प्रत्येक टेबलापर्यंत, आणि त्याच मजल्याच्या जिन्याखाली बसणाऱ्या पहारेकऱ्यापर्यंत, जायला हरकत नसावी.